नकटीची अंडी

९ मार्च, रविवार

क्रूमल गेझीनेला कडकडून चावली! आणि मी समोर बसून कॉफी पीत होते.

सापांना थंडीच्या झोपेतून उठवायचे दिवस. तळघराच्या गार खोलीतून एकेक डबा उबेच्या खोलीत आणायचा, पाणी द्यायचं आणि दोन दिवस कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. हे मी माझ्या बहिणीला, या गेझीनेला, तीन वर्षं सांगतेय. पण बाईसाहेबांना राहवतंय कुठे! आधी उठलेल्यांना उंदीर भरवले आणि तोच हात, न धुता, क्रूमलच्या डब्यात घातला. माझ्या या नकट्यांना, वर वळलेल्या नाकाच्या सापांना, उंदराचा वास आला की हात काय आणि उंदीर काय, सगळं सारखंच. अंगठ्याखालचा मऊ भाग धरला आणि लागली चघळायला. यांचे विषाचे दात पार मागे. तिथवर मांस न्यायचं तर चघळावंच लागतं.

"ताई, सोडत नाहीये गं!"

"ओढू नकोस. दात तुटतील तिचे."

दात तुटतात हे खोटं नाही. नळाच्या गार पाण्याखाली धरलं की सोडते, हेही खोटं नाही. ते मी कॉफी संपल्यावर सांगितलं.

१० मार्च

हात भिजवलेल्या पिठासारखा फुगलाय. मनगटापर्यंत लाल. तशीच गेली बेकरीत, एका हाताने पाव भरायला. "सौम्य विष आहे गं, मधमाशीएवढं," मी म्हटलं. "आपल्या साप पाळणाऱ्यांच्या मंडळात कुणी याचं कौतुकसुद्धा करत नाही."

ती म्हणाली, "क्रूमलची काही चूक नाही." म्हणजे बघा! हात हिचा सुजलाय आणि काळजी सापाची.

या क्रूमलचं मला खरं म्हणजे हसूच यायला पाहिजे. तीन वर्षांपूर्वी बीलेफेल्डच्या त्या माणसाने गेझीनेला टाकलं, तेव्हा दोन बॅगा घेऊन ही माझ्या दारात उभी. दिवसभर पडदे ओढून पडायची. क्रूमल तेव्हा फ्रीजरमध्ये जायची होती. तपकिरी जोडीचं शेवटचं पिल्लू, शिसपेन्सिलीएवढं, काही केल्या खाईना. न खाणारी पिल्लं मी फ्रीजरमध्ये ठेवते. उगाच लाड कशाला? तर गेझीने जिन्यात उभी राहून म्हणाली, "मला दे ना." मी म्हटलं, "घे. दोघी एकदम बऱ्या व्हा, नाहीतर दोघींना एकदमच आत ठेवते." मी हसले. ती नाही हसली.

आणि मग काय, शेजारच्या डबक्यातले बेडूक धरायचे, उंदराचं गुलाबी पिल्लू त्यांच्या पाठीवर घासायचं, बेडूक सोडून द्यायचे, आणि ते बेडकाचा वास लागलेलं पिल्लू क्रूमलच्या नाकापुढे धरून गुडघ्यांवर बसून राहायचं. खाल्लं मेलीने! आता माझ्या तळघरात तिच्याएवढी जाड मादी नाही. माझ्याच तळघरात. माझ्याच फ्रीजरच्या तोंडातून परत गेलेली.

२९ मार्च

मंडळाची बैठक. खाणावळीची मागची खोली, बटाट्याचं सॅलड, सॉसेज, बिअर, आणि टेबलावर सापांच्या पिशव्या. मालकीण बाई नेहमीप्रमाणे दारातूनच ताटं सरकवते. मंडळातल्या म्हाताऱ्या कोटमनने आपला नर, ओटो, बाहेर काढला आणि तिच्याकडे वळवला. ओटोने मान चपटी केली, फुस्स केलं, आणि मग उलटा होऊन जीभ बाहेर टाकून मेल्याचं सोंग घेतलं. कोटमनने त्याला सरळ केलं. तो पुन्हा उलटा! पुन्हा सरळ केलं, पुन्हा उलटा! म्हणजे मेलोय हे पटवून देण्यासाठी एवढी धडपड. सगळे खो खो हसले. मीही हसले. तोवर सगळं ठीक होतं.

मग कोटमन म्हणाला, या वर्षी ओटो गेझीनेकडे जाईल. क्रूमलसाठी.

बावीस वर्षं मी मंडळात आहे. ओटोचा आजा माझ्या माद्यांसाठी यायचा, बाप माझ्याकडे यायचा. मी म्हटलं, "अहो कोटमन, माझी ग्रेफिन काय मेली का?"

"तुमच्या ग्रेफिनला तुमचा काइझर आहे की, वालबुर्गाबाई. लाल डोळ्यांना लाल डोळे." आणि मग सगळ्यांकडे बघत, मोठ्याने, "तुमचे ते फिकट साप म्हणजे काचेच्या कपाटातल्या बाहुल्या. उजेडात डोळे मिचकावतात. हिची क्रूमल बघा! साप कसा सापासारखा दिसतो."

हसले सगळे. बारा वर्षं घालवलीत मी त्या रंगावर. पिकल्या जर्दाळूचा रंग, आणि डोळे माणकासारखे लाल. आणि या थेरड्याला कौतुक कशाचं, तर चिखलाच्या रंगाच्या त्या जाडीचं!

घरी येताना गाडीत गेझीने गुणगुणत होती. मी रेडिओ मोठा केला.

१२ एप्रिल

आज केलं.

नकटी मादी भुकेली असली की आलेल्या नराला नवरा म्हणायचं की जेवण, हे ती वासावरून ठरवते. म्हणून जोडी लावायच्या आधी मादीला पोटभर घालायचं असतं. हे नवशिक्यालाही ठाऊक. बुधवारी गेझीनेची बेकरीत दुपारची पाळी होती. मी म्हटलं, "जा तू, क्रूमलला मी घालते." घातलं नाही. आणि आज ती वर कपडे वाळत घालत होती तेवढ्यात कोटमनने आणून ठेवलेल्या ओटोला बाहेर काढलं आणि फ्रीजरमधला उंदीर वितळवून त्याच्या अंगावरून फिरवला. मानेपासून शेपटीपर्यंत. ब्रेडला लोणी लावावं तसा.

चहाच्या सुमारास गेझीनेने त्याला क्रूमलच्या पेटीत सोडलं. तोंडावर इतका आनंद की बघवेना. क्रूमलने दोनदा जीभ काढली आणि सरळ कंबरेत धरलं त्याला. लागली चघळायला!

"ओढू नकोस!" मी ओरडले. "दात तुटतील!"

तिने ऐकलंच नाही. दोघांना तसंच गुंतलेलं उचललं आणि धावली नळाकडे. गार पाणी सोडलं क्रूमलच्या तोंडावर. सुटला. ओटो बेसिनमध्ये उलटा पडला, तोंड उघडं, जीभ बाहेर. या वेळी मला स्वतःलाही कळेना, सोंग आहे की खरंच. मी मनात म्हणत होते, खरंच असू दे. पण थोड्या वेळाने मेल्याने डोकं उचललं.

गेझीनेने त्याला टॉवेलात घेतलं. मग नाकाजवळ नेलं.

"ताई, याला उंदराचा वास येतोय."

"तुझ्याच हातांना येत असेल. न धुता हात घालायची सवय आहे तुला."

तिने आपले हात हुंगले. मग माझ्याकडे बघितलं. "हो," म्हणाली. "असेल."

तिला काय कळणार, डोंबल! भोळी आहे. लहानपणी तिची बाहुली मी विहिरीत टाकली होती तेव्हाही तिने तासभर बागेत शोधली.

१३ एप्रिल

ओटोच्या अंगावर दोन ओरखडे. बाकी ठणठणीत. वैताग.

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

लागली जोडी. क्रूमलला आधी दोन उंदीर घातले गेझीनेने, स्वतःच्या हाताने, मग ओटोला कोमट पाण्याने धुऊन सोडला. मी बाजूला ईस्टरचा कोकराच्या आकाराचा केक कापत होते, डोकं आधी.

३ मे

काइझर गेला. माझा काइझर! सकाळी पेटीत सरळ लांब पडला होता. नकटे मेल्याचं सोंग घेतात तेव्हा उलटे होतात. हा सरळ होता, म्हणून लगेच कळलं.

वयच झालं होतं. हातात किती हलका लागला! अशा रंगाचा नर आता कुठे मिळणार नाही. ग्रेफिनच्या पोटात त्याची अंडी आहेत तेवढीच. ग्रेफिनही म्हातारी, याच्यानंतर ती घालणार नाही. लाल डोळ्यांचा बाप, लाल डोळ्यांची आई, पिल्लं सगळीच्या सगळी लाल डोळ्यांची. त्यात दुसरं काही होऊच शकत नाही. एक नर, एक मादी ठेवीन आणि पुढे चालवीन.

गेझीनेने त्याला करवंदीसारख्या त्या लाल फळांच्या झुडपाखाली पुरलं आणि वर गोल दगड ठेवला. "मला विचारलंस का?" म्हणून मी दगड लाथेने उडवला. ती आत गेली.

१८ मे, रविवार

कोटमन आला होता केक खायला. शतावरीचा मौसम, त्याने पेंडी आणली. गेझीनेला दिली, मला नाही. क्रूमलला हातातून हळूहळू सरकवत पोटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "भरली आहे. चांगली भरलीय!"

मग बशी बाजूला सारून म्हणाला, त्याला आता जिने होत नाहीत. मुलगा कॅनडात, सापांना हातही लावत नाही. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. "गेझीने, ही अंडी फुटू देत. अंड्यांची एक खेप पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः काढून दाखव, मग ये माझ्याकडे. वर तू, खाली साप. सगळे तू बघ. माझ्यामागे तुझेच."

"माझं काय काम तिथे," गेझीने म्हणाली. पण कानापर्यंत लाल झाली.

मी म्हटलं, "हिला अलार्म लावून उठवावं लागतं, कोटमन. स्वतःचा नवरा सांभाळता आला नाही हिला."

तो म्हणाला, "नवऱ्यापेक्षा साप बरे." आणि दोघं हसले. माझ्या टेबलाशी बसून, माझा केक खाऊन.

म्हणजे ही जाणार. मी जेवायचं कुणासमोर? बोलायचं कुणाला? तशी ती काही बोलत नाही, पण ऐकते. तीन वर्षं ऐकतेय. मला ती इथेच हवी. माझ्या घरात, मान खाली घालून. हे इथे लिहायला मला लाज नाही.

१ जून

ग्रेफिनने घातली! नऊ अंडी, एकापेक्षा एक पांढरी. डब्यात ओल्या भुशावर मांडली, प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलीने ठिपका दिला, झाकण लावलं, त्यावर नाव-तारीख घातली आणि उबवणीच्या पेटीत ठेवली. आता पिल्लं निघेपर्यंत उघडायची नाहीत. रोज झाकण काढून बघणारे ते नवशिके. मी बावीस वर्षांत कधी उघडलं नाही.

९ जून

क्रूमलचीही नऊ! माझ्या ग्रेफिनएवढीच बरोबर. चोंबडी कुठली!

गेझीने एकेक अंडं दोन बोटांत असं उचलत होती की जणू श्वास लागला तरी फुटेल. ठिपके देताना ओठ मुडपून. माझ्याच डब्यांतला डबा, माझ्याच पेटीत, माझ्या डब्याशेजारी. "जुळी वाटतात नाही, ताई?"

मी म्हटलं, "हो. एक लाडकं, एक नाही."

१५ जून

बेकरीतून येताना पडद्याचं कापड घेऊन आली. पिवळी फुलं. माझ्या घरात कुठल्याच खिडकीला ते बसत नाही. विचारलं तर म्हणे, "असंच. स्वस्त होतं." कोटमनच्या खिडक्या मोजून आलीय मेली! रात्री जेवताना पुन्हा गुणगुणली.

१९ जून

सणाची सुट्टी. गेझीने दिवसभर तळघरात. झाकणांवर आतून पाणी साचतं ते पुसत बसते, माझ्याही डब्याचं. "तुझं पण पुसून ठेवलं हं ताई, आत नाही बघितलं." जणू उपकार!

२४ जून

ती बेकरीत गेल्यावर खाली गेले.

कोंबडीचं अंडं उलटंपालटं केलं तरी चालतं, कोंबडी स्वतःच करते. सापाचं नाही. सापाचं पिल्लू पहिल्या एक-दोन दिवसांतच कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतं. अंडं फिरवलं की ते खाली जातं आणि सगळा बलक त्याच्या अंगावर येतो. आपल्याच जेवणात बुडून मरतं. म्हणून तर तो ठिपका. ठिपका वर असला की सगळं जागच्या जागी.

झाकणावर तिचं गोल गोल अक्षर, क्रूमल, ९ जून. आणि शेजारी फूल काढलंय! पन्नाशी उलटलेली बाई, अंड्यांच्या डब्यावर फूल!

एकेक उचललं आणि डोक्यावर उभं केल्यासारखं फिरवलं. ठिपका भुशात गेला. वर नवा ठिपका दिला, तिच्यासारखाच बारीक. नऊच्या नऊ. झाकण लावलं. डबा होता तसाच, फुलासकट.

माझ्या डब्याकडे नुसतं बघितलं. उघडला नाही. तुम्ही लाल डोळ्यांची लेकरं झोपा निवांत.

वर येऊन हात धुतले आणि बटाटे सोलले. संध्याकाळी गेझीने म्हणाली, "आज मूड छान आहे तुझा."

२५ जून

रात्री छान झोप लागली. लिहून ठेवावंसं वाटलं.

५ जुलै

गावात नेमबाजांचा उत्सव, दिवसभर बँड. गेझीनेला ओढून नेलं तंबूत, बिअर पाजली, म्हटलं मजा कर. घरी आलो तर ती सरळ खाली गेली. मग तिचा आवाज, "ताई... ताई, जरा ये ना."

एक अंडं बसलं होतं. दाबलेल्या बनपावासारखं.

"एखादं जातंच गं," मी म्हटलं.

१२ जुलै

आता चार. पिवळी, वर करडी बुरशी. ती खुर्ची घेऊन पेटीसमोर बसलीय. विचारते, "काय चुकलं असेल माझं? ओल जास्त झाली का? झाकण पुसताना धक्का लागला असेल का?"

मी प्रत्येक वेळी थोडा विचार केल्यासारखं करते आणि म्हणते, "असू शकेल."

काय बरं वाटतं! बावीस वर्षांत या छंदाने एवढं सुख दिलं नव्हतं.

२० जुलै, रविवार

संपली. नववंही गेलं. एक तिने कापून बघायचं म्हटलं. मी म्हटलं, "नको बघूस तू, सहन नाही व्हायचं. मी टाकते." खालच्या बाजूला जुने ठिपके आहेत ना अजून! सगळा डबा पिशवीत रिकामा केला आणि दोन गाठी मारल्या.

ती जिन्यावर बसून रडत होती. आवाज नाही, नुसते खांदे. मी शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मलाच अवघडल्यासारखं झालं.

"तू नसतीस तर माझं काय झालं असतं, ताई," ती म्हणाली.

"वेडी," मी म्हटलं.

२१ जुलै

कोटमनला फोन केला. फार वाईट झालं, म्हटलं. पण काय आहे, तिचे हात स्वस्थ बसत नाहीत. सारखं उघड, पूस, उघड, पूस. मी किती सांगितलं! अहो, ज्याला नऊ अंडी सांभाळता येत नाहीत त्याच्या हाती तुमचे सत्तर साप?

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बघू." हा "बघू" कसला, मला कळतं.

२७ जुलै

आलुबुखाराचा केक केला, खास तिच्यासाठी. तिने पडद्याचं कापड शेजारणीला देऊन टाकलं. संध्याकाळी आम्ही दोघी टीव्ही बघत बसलो, आधीसारख्या. मला तिची दया आली. खरंच आली. उद्यापासून तिला जरा बरं बोलायचं ठरवलं.

२ ऑगस्ट

माझी अंडी फुटायला हवी होती. कशी आहेत म्हणून झाकणावर कान ठेवला, वेड्यासारखा. काही नाही. उघडणार नाही.

६ ऑगस्ट

अजून नाही. म्हातारीची अंडी, उशीर होणारच. गेझीने म्हणते, "होतील गं. धीर धर." मला शिकवते!

८ ऑगस्ट

फुटताहेत! गेझीने बेकरीतून आली, पेटीच्या काचेतून बघितलं आणि ओरडली, "ताई, तुझ्या डब्याला आतून फेस लागलाय!" मी धावत खाली. झाकण काढलं, या वर्षी पहिल्यांदा. पाच अंड्यांना चिरा, चिरांतून नाकाचे शेंडे. वर वळलेली इवली नाकं! डोळे अजून आत. पिल्लू असं दिवसभर नाक बाहेर काढून बसतं, घाई केली तर मरतं. झाकण परत ठेवलं.

काइझर, बघ रे बाबा. तुझी नऊ.

मला आज रडू आलं, आणि गेझीनेच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिने केस सारखे केले माझे.

९ ऑगस्ट

काळे डोळे.

डोकी बाहेर आली. तपकिरी. चिखलाच्या रंगाची. सगळ्यांचे डोळे काळे, शाईच्या थेंबासारखे. मी एकेक उचलून दिव्याखाली धरलं. लाल एकही नाही. लाल आणि लाल यांना काळे डोळे होऊ शकत नाहीत! होऊच शकत नाहीत!

मागे गेझीने उभी. "अगं बाई," म्हणाली. "ही तर माझ्या क्रूमलची."

मी झाकण उचलून बघितलं, माझंच अक्षर, ग्रेफिन, १ जून. मग कळलं. झाकणं! ती झाकणं काढून पुसत बसायची ना, सुट्टीच्या दिवशी! लावताना याचं त्याला, त्याचं याला. बावळट! आयुष्यभराची बावळट! स्वतःचा डबासुद्धा ओळखता येत नाही!

"अशी कशी गं अदलाबदल केलीस?" मी किंचाळले.

"झाली असेल," ती म्हणाली. "म्हणजे मग... जी गेली ती ग्रेफिनची होती का, ताई? फार वाईट वाटतं मला."

काय बोलू मी? तू झाकणं चुकवलीस म्हणून मी माझीच मारली, असं? काइझर गेला, ग्रेफिन आता घालणार नाही. बारा वर्षं. पिशवीला दोन गाठी मारून मीच कचऱ्यात टाकली. आणि हिचा मूर्खपणा हिला फळला!

१० ऑगस्ट

ओरडून घसा बसलाय. तिने कोटमनला फोन केला. तो म्हणाला, येतो. मी खोलीतून बाहेर गेले नाही. खालून दोघांचं हसणं ऐकू येत होतं, पिल्लं पहिल्यांदा फुस्स करत असतील.

१४ ऑगस्ट

तिच्या बॅगा जिन्यात. दोनच, आली तेव्हासारख्या. शेजारणीकडून पडद्याचं कापड परत आणलंय.

जेवताना मी तिला म्हटलं, नशीब म्हणून वाचलीस, अक्कल म्हणून नाही. तिने मला सॅलड वाढलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

गेली. कोटमनची गाडी बाहेर उभी, तिच्या मांडीवर पिल्लांचे डबे. मी दारापर्यंतही जाणार नव्हते, पण गेले. म्हटलं, "जा बाई. वेंधळेपणाने एवढं मिळतं हे आज बघितलं."

तिने काच खाली केली.

"झाकणं मी चुकून नव्हती बदलली, ताई. पण अंड्यांना हात मी लावला नाही."